तीन टाइल्स, एक नळ आणि 'भाईसाहब'

आज सकाळी ओटा पुसताना नळामागच्या त्या टाइलवर हात गेला आणि इतक्या वर्षांनी परत डोकं तापलं. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

दिल्लीच्या द्वारका भागात आम्ही नुकते राहायला आलो होतो. मेट्रोचे खांब उभे राहत होते, सोसायटीसमोर सगळी धूळच धूळ... पण घर स्वतःचं! त्याआधीची सतरा वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली, तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी विचार करावा लागायचा.

त्यामुळे किचनच्या टाइल्स मी चार रविवार फिरून निवडल्या होत्या. फिकट पिवळ्या, कडेला बारीक हिरवी वेल. मिस्त्री त्या लावत होता तेव्हा मी ऑफिसला रजा टाकून स्टुलावर बसून बघत होते.

आणि दोनच महिन्यांत ओट्यावरचा पाइप गळायला लागला. प्लंबरने भिंत फोडली, पाइप बदलला, नळ बसवला आणि माझ्या एका टाइलचा चुरा करून निघून गेला.

तो माल तोपर्यंत बंद झाला होता. दिवाणात तीन टाइल्स जपून ठेवलेल्या, तेवढ्याच. त्या गेल्या असत्या तर सगळी भिंत खणून नव्या टाइल्स लावाव्या लागल्या असत्या... म्हणजे माझी वेल गेलीच.

अडचण अशी, की पाइप बरोबर टाइलच्या मधोमध येत होता. मिस्त्री म्हणाला, एका टाइलसाठी कोण येणार? मग मी आणि माझा नवरा श्रीकांत हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

मी दुकानदाराला स्वच्छ हिंदीत सांगितलं, टाइल कापायला तिच्यावर रेघ मारतात ते पेन हवंय, कडक टोकाचं, आमच्या मिस्त्रीकडे होतं तसं. त्याने माझ्याकडे बघितलं, स्टूल पुढे सरकवलं, "भाभीजी, आप बैठिए," म्हणाला... आणि श्रीकांतकडे वळून, "हां भाईसाहब, बताइए, क्या काटना है?"

अरे, मी आत्ताच सांगितलं ना!

आता आमचा श्रीकांत. मंत्रालयात फायलींवर नोटिंग करण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण घरात ट्यूबलाइटचा स्टार्टर मी बदलते. तरी हा बाबा गंभीर चेहरा करून "अच्छा... अच्छा... बिल्कुल" म्हणत मान डोलावत होता. घरी आलो ते मार्बल कटर घेऊन! मशीन बघूनच मी म्हटलं, "अरे, हे फरशी कापायचं आहे, याने गोल कसं कापणार?" "तो रोज विकतो, त्याला कळत असेल ना," हे उत्तर.

मशीन घरघरलं, किचन पांढरं झालं, कणकेच्या डब्यातसुद्धा धूळ गेली. टाइलचा पिवळा थर कडेने उडाला आणि मग ती सरळ मधून फुटली.

परत दुकान. मी फुटलेली टाइल दाखवली. दुकानदार श्रीकांतला म्हणाला, "भाईसाहब, ब्लेड बदलिए, और हाथ हल्का रखिए." मी परत पेन मागितलं, तर मला पाण्याचा ग्लास दिला. पाणी मागितलं होतं का मी? नवीन ब्लेड घेऊन आलो. दुसरीही गेली.

त्या दुपारी मी आधी किचनमधली धूळ पुसली. उरलेली एक टाइल समोर ठेवली, तिच्या मापाचा पेपर कापला आणि बघत बसले. आणि एकदम लक्षात आलं... ब्लाउजचा गळा आपण कधी मधून भोक पाडून कापतो का? कापड दुमडतो आणि घडीवर अर्धा गोल कापतो!

पेपर दुमडला, अर्धा गोल कापला आणि पाइपभोवती धरला. चपखल बसला. म्हणजे टाइल आधी बरोबर मधून दोन भागांत तोडायची आणि मग दोन्ही कडांना अर्धा अर्धा गोल कुरतडायचा. नळही काढायला नको.

तिसऱ्यांदा दुकानात गेलो. मी तो पेपर काउंटरवर पसरला, पेन मागितलं. दुकानदाराने पेपर उचलून श्रीकांतसमोर धरला, "तो भाईसाहब, आपका प्लान क्या है?"

श्रीकांतने एकदा माझ्याकडे बघितलं. मग सरळ पायरी उतरून बाहेर गेला आणि स्कूटरजवळ दुकानाकडे पाठ करून उभा राहिला.

दुकानात मी आणि तो, दोघंच. नाइलाजाने त्याने विचारलं, "हां जी... कौन सा पेन?" वरच्या फळीवर होतं. धूळ झटकून दिलं.

घरी आल्यावर स्टीलची पट्टी धरून एकच रेघ मारली. रेघेखाली दोन काडेपेटीच्या काड्या, दोन्ही बाजूंनी दाब... टक्! सरळ दोन तुकडे. मग पक्कड घेऊन कण कण कुरतडत दोन अर्धे गोल काढले, पॉलिश पेपरने घासले. श्रीकांत शेजारी तुकडे धरून बसला होता, श्वाससुद्धा जपून घेत होता.

टाइल अजून तिथेच आहे. नीट बघितलं तर मधली बारीक रेघ दिसते, वेल मात्र कुठे तुटलेली नाही.

श्रीकांत, त्या दिवशी तू बाहेर जाऊन उभा राहिलास त्याबद्दल मनापासून थँक यू, ते मी कधीच विसरणार नाही... फक्त दोन टाइल्स आधी गेला असतास तर!