पांढऱ्या साडीतलं गिऱ्हाईक

मंदी आली हे लोकांना पेपरातून कळतं, मला केराच्या पिशव्यांतून कळलं. पुण्यातल्या एका महागड्या नाइटक्लबात मी साफसफाईची मुकादम आहे. पदाचं नाव इंग्रजीत फार भारदस्त आहे, हातातला झाडू मात्र तोच. माझी वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नाचणारे घरी गेल्यावर मी येते आणि ते परत यायच्या आत निघते. सहा वर्षांत तिथं मी एक गाणं ऐकलेलं नाही. तरी कर्वेनगरात आमच्या सोसायटीतल्या काही जणी मी 'तसल्या' ठिकाणी काम करते असंच धरून चालतात. चालू देत. तसल्या ठिकाणी सकाळी फक्त फिनेलचा वास येतो.

क्लब चालतोय की नाही हे मालकाच्या आधी मला समजतं. बरे दिवस होते तेव्हा फरशीला चप्पल चिकटायची. सांडलेल्यावर गरम पाणी ओतून दोन-दोनदा पुसावं लागायचं. सोफ्याच्या फटीत कानातली सापडायची, चपलांच्या तुटलेल्या टाचा सापडायच्या, आणि नुसत्या लिंबाच्या सालींनी एक पिशवी भरायची. मग आयटीवाल्यांच्या नोकऱ्या जायला लागल्या, कंपन्यांच्या पार्ट्या थांबल्या, आणि माझा पोछा एका फेरीत कोरडा फिरायला लागला. पूर्वी लोक पाण्याच्या बाटल्या अर्ध्या टाकून जायचे, आता शेवटच्या थेंबापर्यंत रिकाम्या मिळायला लागल्या. मी मॅनेजरना म्हटलं, "साहेब, गर्दी कमी झालीय." तिशीतला माणूस, बोलणं अर्धं इंग्रजीत. मला म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त क्लीनिंग बघा ना." बरं बाबा, बघते.

मग काटकसर सुरू झाली. आता काटकसर कुठून सुरू करतात? वरून नाही. कामगारांच्या चहातलं दूध गेलं, पावडर आली. मग रबरी हातमोजे गेले. मग उशिरा सुटणाऱ्या बायकांना घरी सोडणारी गाडी गेली. दारातली परदेशी फुलं मात्र रोज ताजी. ती का नाही कमी करत, असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं की फुलं गेली तर लोकांना वाटेल क्लब बसला. बायका रस्त्यात उभ्या राहिल्या तर लोकांना काही वाटत नसावं.

त्या बायकांत मावशी होत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची, खरं तर माझ्याहून तीनच वर्षांनी मोठ्या. मूळच्या अमरावतीकडच्या, नवरा गेल्यावर लेकीला घेऊन पुण्याला आल्या आणि मांजरीत एका खोलीत राहिल्या. त्यांचं काम बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारात बसायचं. टॉवेल द्यायचा, बेसिन पुसायचं, कुणाला ओकारी आली तर केस मागे धरायचे. त्या पाचला यायच्या, मी सहाला निघायची. तो मधला एक तास आम्ही पावडरचा चहा प्यायचो आणि त्या मला आदल्या रात्रीच्या गोष्टी सांगायच्या. कोणती पोरगी रडली, कुणाचा भाऊ म्हणून आलेला माणूस भाऊ नव्हता, कुणाला त्यांनी अर्धा तास आत बसवून ठेवलं. ऐकताना माझा चहा गार व्हायचा. त्या मात्र भाजी काय केली ते सांगावं तसं सांगायच्या.

लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "हे एक वर्ष निघालं की झालं, ताई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून रोज ऐकलंय. मावशींची नोकरी टिकली तर पोरगी नर्स होणार, नाही टिकली तर कुठल्या तरी मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालणार. यात तिसरं काही नव्हतं.

एक दिवस मॅनेजरनी सगळ्यांना गोळा केलं. अर्धी माणसं कमी करायची आहेत, असं सरळ नाही सांगितलं. 'टीम लहान करतोय' म्हणाले. आणि त्याच श्वासात म्हणाले की रविवारी दुपारी क्लबचं शूटिंग आहे. मोबाइलवर टाकायला व्हिडिओ हवाय, त्यात क्लब भरलेला दिसला पाहिजे. भाड्याने माणसं आणणं परवडत नाही, तर तुम्हीच गिऱ्हाईक म्हणून बसा. घरचे चांगले कपडे घालून या. जे येतील त्यांचा आम्ही नक्की विचार करू.

म्हणजे बघा. ज्यांना काढायचं, त्यांनाच नटवून बसवायचं, की क्लबात माणसं मावत नाहीत असं जगाला दिसावं. मी तिथंच बोलणार होते, पण मावशींनी माझा हात दाबला. "विचार करू म्हनते ना ते," त्या म्हणाल्या. "येऊ आपन."

रविवारी सगळे आले. भांडी घासणारी झगमगीत ड्रेस घालून, वॉचमन लग्नातला कोट घालून. मी माझी गर्भरेशमी नेसले होते, राग आला म्हणून कोणी गबाळं राहत नाही. आणि मावशी आल्या पांढऱ्याशुभ्र साडीत. कडक इस्त्री, निळी किनार, केसात मोगऱ्याचा गजरा. बुद्धपौर्णिमेला विहारात नेसून जायची ती त्यांची साडी. चांगले कपडे म्हटल्यावर दुसरं काही त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं.

मॅनेजरनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशी, घरी कोणी गेलंय का?"

"नाही जी. काऊन?"

"मग पांढरी साडी? पार्टी आहे, मावशी."

मावशींचा चेहरा असा उतरला की माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, त्यांच्यात शुभकार्याला पांढरंच नेसतात. तुम्ही चांगले कपडे सांगितलेत, त्यांनी घरातले सगळ्यात चांगले आणलेत. तुमच्या गुडघ्यावर जीन्स फाटलीय, आम्ही विचारलं का घरी काय झालंय ते?" मॅनेजरनी एकदा स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. मावशींना त्यांनी शेवटच्या टेबलाशी, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसवलं.

ग्लासात रंगीत पाणी. आम्ही हसायचं, मान डोलवायची, ग्लासाला ग्लास लावायचा. दुपारचे तीन, गाणं नाही, एसी बंद. ते परवडत नव्हतं. कॅमेरावाला ओरडायचा, "एन्जॉय करा, एन्जॉय." वॉचमन इतका ताठ बसला होता की त्याला बघूनच खरं गिऱ्हाईक पळालं असतं.

आणि मधेच एक ग्लास फुटला. झालं. सगळीच गिऱ्हाइकं एकदम उठली. माझ्या हाताखालच्या चौघी पदर खोचून फरशीवर उकिडव्या, एक जण काचा वेचतेय, एक रुमालाने पाणी टिपतेय, भांडी घासणारी झगमगीत ड्रेसमध्ये केराची सुपली आणायला धावली, आणि वॉचमन दोन्ही हात पसरून "इकडून येऊ नका, इकडून येऊ नका" म्हणत कुणाला अडवतोय ते त्यालाच ठाऊक. मीही उठले होते. कोणी सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या कुठल्या क्लबात गिऱ्हाइकाने आपण सांडलेलं पुसलंय, मला दाखवा. मॅनेजर डोक्याला हात लावून बसले. "अरे, तुम्ही गेस्ट आहात रे, गेस्ट."

पुन्हा सगळं मांडलं. या वेळी त्यांनी ते निळेजांभळे दिवे लावले, ज्यात बाकी काही दिसत नाही पण पांढरं लखलखतं. आणि अख्ख्या अंधारात मावशींची साडी पेटल्यासारखी उजळली. गजरासुद्धा. कॅमेरावाला थांबलाच. मग हळूहळू त्यांच्या मागून फिरत गेला. मॅनेजर कुजबुजले, "काय व्हाइब आहे." मघाशी सुतक दिसत होतं, आता व्हाइब दिसायला लागली.

व्हिडिओ खूप चालला म्हणे. तोंड न दिसणारी पांढऱ्या साडीतली बाई, हातात ग्लास, मागे दिवे. त्यावरून त्यांनी शनिवारी पांढरे कपडे घालून येणाऱ्यांना सवलत ठेवली. पोरंपोरी पांढरं घालून आली, त्या आठवड्यात माझ्या फरशीला पुन्हा थोडी चप्पल चिकटली.

आणि त्याच आठवड्यात मावशींना फोनवर निरोप आला. तुम्ही आमच्या परिवाराचा भाग होता, आहात आणि राहाल, उद्यापासून येऊ नका. मी मॅनेजरच्या खोलीत गेले. म्हटलं, विचार करतो म्हणाला होतात. म्हणाले, "केला ना विचार, ताई." तिथं आता टॉवेलचं मशीन बसवणार, हात पुढे केला की कागद बाहेर येतो. मी विचारलं, रडणाऱ्या पोरीचे केस ते मशीन धरणार का. त्यावर मला सांगण्यात आलं की इमोशनल होऊन बिझनेस चालत नाही. मी, जी भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत कोणाला ऐकवायचं सोडत नाही, ती दार लावून बाहेर आले. नोकरी मलाही हवी होती. याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

महिन्याभराने मी मांजरीला मावशींकडे गेले. त्यांनी कर्वेनगरातल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं होतं. पहाटे उठून मांजरीहून स्वारगेट, स्वारगेटहून दुसरी बस. तीनशे पोळ्या, मग उलटा प्रवास, मग संध्याकाळी दोन घरची भांडी. लेक कॉलेजात होती अजून. "हे एक वर्ष निघालं की झालं," मावशी म्हणाल्या, पण त्यांचं मनगट सुजून टम्म झालं होतं आणि चहाचा कप त्या डाव्या हाताने उचलत होत्या. मी क्लबाला, मालकाला, मॅनेजरच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "ताई, आता तिथं दारापाशी कोन बसते?"

"कोणी नाही. मशीन आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग त्या दाराची कडी बसवली का त्याईनं?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. बायकांच्या स्वच्छतागृहाची आतली कडी धरत नाही. लावली तरी बाहेरून ढकललं की दार उघडतं. एखाद्या पोरीच्या मागे माणूस आला की मावशी तिला आत घ्यायच्या, कडी लावायच्या आणि स्टूल ओढून आतून दाराला पाठ लावून बसायच्या, तो कंटाळून जाईपर्यंत. चार वर्षं. मॅनेजरना दोनदा सांगितलं होतं, सध्या बजेट नाही म्हणाले.

"मले वाटलं तुमाले माहीत असंन," त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. केर बघून क्लबाची नाडी ओळखणाऱ्या मला. मी असते तेव्हा ते दार सताड उघडं असतं, फरशी वाळायला. रोज पुसून घेत होते मी ते दार, दोन्ही बाजूंनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या गेल्या मी झाडणाऱ्या बाईला आत पाठवलं, म्हटलं, घट्ट कडी लाव आणि लावलीस की सांग. तिने सांगितलं. मी बाहेरून एका बोटाने ढकललं आणि दार उघडलं. ती आत तशीच उभी, हात कडीवर.

"ताई, लावली होती हो मी," ती म्हणाली.