लडाखच्या वाटेवर पाटसचा ऊस

लडाखला जायला घेतलेली माझी मोटरसायकल आजवर पाटसच्या पुढे गेलेली नाही. गाडीत दोष काहीच नाही.

कोरेगाव भीमाला आमच्या कंपनीत मी येता-जाता सगळ्यांना लडाख ऐकवत होतो. जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांना बांधायची कवचं, सगळं आणून झालं होतं. परवानगी तेवढी बाकी होती आणि ती सुरेखाकडे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडे होती. पाटसजवळच्या तिच्या माहेरी गेलो असताना तिनं अट घातली.

"आबांना मागं बसवा आन् उसातल्या रस्त्यानं निमोण्याला आत्याकडं नेऊन आणा. धड आणलं तर जा लडाखला."

तिचे आबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. मामा टोपी घट्ट करून मागे बसले.

कारखाना सुरू झालेला. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्त्यात गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि कुणाच्या तरी उसाचं पाणी फुटून नेमकं त्यातच शिरलं होतं. (लडाखच्या व्हिडिओत असलं काही दाखवत नाहीत.) पहिल्याच वळणावर गाडी आडवी झाली आणि मी चिखलात. घाबरून मागे पाहिलं, तर मामा बांधावर उभे! धोतरावर शिंतोडासुद्धा नाही.

"मामा, तुम्ही कधी उतरलात?"

"मगाशीच. म्हनलं, पाव्हणं आता पडत्याल, उतरून घ्यावं."

दुसऱ्यांदा पडलो तेव्हाही ते आधीच उतरले होते. तिसऱ्यांदा तर उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, "सावकाश व्हऊ द्या" म्हणाले आणि मग मी पडलो.

आता चिखलानं चाक जागच्या जागी जाम झालं. शेजारच्या रानातली माणसं धावत आली.

"आबा, ह्ये कोण?"

"आमचं जावई हायती."

संपलं. गावच्या जावयाला कुणी 'पडला' म्हणत नाही.

"रस्ताच हलकट हाय," एकजण म्हणाला.

"गाडीला वळणच न्हाई," दुसरा म्हणाला.

मी गाडी उचलायला वाकलो, तर तिघांनी मला धरलं. "आवं, जावयानं कुठं चिखलात हात घालायचा? तुम्ही बसा."

हात कोपरापर्यंत चिखलातच होते, पण ऐकतो कोण! बांधावर घोंगडी अंथरली, चहा मागवला. ती माणसं कोयत्यानं माझ्या चाकातला चिखल खरवडत होती आणि मी मानाचा चहा पीत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

निमोणं राहिलंच. परत येताना गाडी मामांनी चालवली. याच रस्त्यानं त्यांनी वर्षानुवर्षं दुधाचे कॅन नेले होते. मी मागे त्यांना मिठी मारून. वाटेत विहिरीच्या मोटारीखाली त्यांनी आधी गाडी धुतली, मग मला. घर दिसायला लागलं तशी गाडी थांबवली.

"आता तुम्ही म्होरं बसा."

दारात सुरेखा उभी होती. "काय आबा, आणलं का धड?"

"लय झ्याक. पाव्हण्यांच्या हाताला तोड न्हाई."

"मग जा लडाखला," सुरेखा म्हणाली.

ते डोंगर, त्या दऱ्या आणि तिथं मी कुणाचाच जावई नाही!

"अगं, मी तीनदा पडलो," मी म्हणालो.

"थट्टा करत्यात," मामा म्हणाले.

"गाडीसुद्धा यांनीच चालवत आणली!"

"मोठेपणा हाय त्येंचा," मामा म्हणाले.

जावयाचा मान राखायचं मामांनी पुरतं मनावर घेतलं होतं. शेवटी मी कानात बोट घालून आतला चिखल काढून सुरेखाच्या पुढे धरला. तिनं तो नीट बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"लडाखचं नाव काढायचं न्हाई."

इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

सोमवारी कंपनीत सगळ्यांनी विचारलं, "साहेब, कधी निघताय?"

मी एक मोठा उसासा सोडला आणि म्हणालो, "काय करणार? बायको सोडत नाही हो."