पहिलं गिऱ्हाईक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या स्टँडवरच्या कंट्रोलरचे. मी त्यांना काका म्हणतो. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अकरावी-बारावीचं कॉलेज तालुक्याला होतं. ते साडेबाराला सुटायचं आणि गावाकडे जाणारी गाडी साडेपाचला. मधले पाच तास मी स्टँडवर कुठेतरी सावली बघून बसायचो. पहिल्याच आठवड्यात काकांनी मला हेरलं आणि कंट्रोलच्या केबिनमध्ये मागच्या बाकावर बसवलं. "माझा पुकारा चालूच राहणार. तेवढे कान बंद करून वाच," म्हणाले. दोन वर्षं मी त्या बाकावर बसून अभ्यास केला. पुकाऱ्यामधून पॅसेंजरांशी त्यांचं भांडण चालायचं तेही ऐकलं. गर्दी बघून लोक मागच्या गाडीसाठी थांबायचे. काका खिडकीतून ओरडायचे, "बसा आलेल्या गाडीत! मागची रिकामी येते म्हणून कुणी सांगितलं?"

पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जिल्ह्याला गेलो आणि शेवटच्या दिवशी एक दाखला घरीच राहिल्याचं लक्षात आलं. मी रडत स्टँडवर फोन केला. काकांनी आमच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरला निरोप दिला, वडिलांनी दाखला ड्रायव्हरच्या हातात दिला आणि ड्रायव्हरने तो तालुक्याला काकांना दिला. तो येईपर्यंत काकांनी जिल्ह्याची गाडी चार मिनिटं थांबवून ठेवली. दाखला वेळेत पोचला. नंतर मी रजिस्टर पाहिलं. त्यांच्या अक्षरात नोंद होती: 'गाडी चार मिनिटं उशिरा. कारण : कंट्रोलर जबाबदार.' दुसऱ्या कुणावर ढकलणं त्यांना अगदी सोपं होतं.

मी आता नवी मुंबईत महाप्याला एका कंपनीत आहे आणि जुईनगरला भाड्याने राहतो. काका निवृत्त झाल्यावर मुलीच्या जवळ राहावं म्हणून इथेच आले. सगळी पुंजी घालून त्यांनी जुईनगरला एका जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. तेव्हा काकू दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढायच्या. मग जावयाची बदली झाली, मुलगी लांब गेली, आणि काकूंचे गुडघे गेले. गेल्या वर्षी त्या आठवड्यातून एकदा, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या.

काकूंच्या बहिणीच्या गल्लीत, तालुक्याच्या गावी, जमिनीवरचं एक छोटं घर विकायला निघालं. पुढे थोडं अंगण होतं. मालक ओळखीचा होता. "दिवाळीपर्यंत थांबतो, तुमचं तिकडचं विका," म्हणाला. काकांनी मला बोलावून चहा दिला. "हे बघ, तू शिकलेला. इथली रीत तुला माहीत. बोलणी तू कर. तू ठरवशील ते आम्हाला मान्य."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! त्यांच्यासाठी काही करायची संधी मला पहिल्यांदाच मिळत होती. दोन रात्री बसून मी जुईनगर आणि आसपासच्या घरांचे वेबसाइटवरचे भाव उतरवून काढले, सरासरी काढली आणि तक्ता करून एजंटकडे गेलो. एजंट इथल्याच जुन्या गावचा. आमच्या सेक्टरच्या बागेत जिथे आज घसरगुंडी आहे तिथे त्याच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. त्याने तक्ता नीट पाहिला.

"सर, मेहनत चांगली केलीव. पन हे मागायचे भाव हायेत. इकले त्यांचे भाव कुठं हायेत?"

"म्हणजे?"

"म्हंजे ह्यातली निम्मी घरं दोन वरसं झाली तिथंच हायेत. मार्केट बसलाय. रजिस्ट्रीच्या ऑफिसात इचारा, खरी कागदं किती आकड्याला झाली ती बघा. दुसरा म्हंजे, चार माळ्यांचा जिना फोनवरच सांगायचा. न सांगता वर आनला की मानूस घर बघत नाय. पंखा बघतो, पानी पितो नि जातो. नि तिसरा, पहिला गिऱ्हाईक सोडू नका. बसलेल्या बाजारात पहिला येतो तो गरजेनं येतो. बाकीचे फिराय येतात."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, याला कमिशन लवकर हवंय. आकडा मी तक्त्याचाच ठेवला.

गौरी-गणपती उठले आणि दोन-तीन दिवसांत पहिलं गिऱ्हाईक आलं. मोरा बंदरावरच्या एक मावशी होत्या, मासळीचा धंदा करणाऱ्या. मुलाचं लग्न ठरवायचं होतं आणि मुलीकडच्यांना नवी मुंबईत ब्लॉक हवा होता. त्यांना वर आणायला मीच जिना उतरून गेलो. मी तिसऱ्या मजल्यावर दम घेत थांबलो, तर त्या वरून म्हणाल्या, "चला की! आमी डोईवर टोपली घेऊन चढलेली मानसं."

त्यांनी घर फार बारकाईने पाहिलं. नळ सोडला, तांब्या भरला, पाणी चाखलं. खिडकीच्या खालची भिंत तळहाताने चाचपली. मग काकूंजवळ खाली बसल्या. काकू माळकरी, मासळी कधी शिवलेली नाही, तरी दोघींच्या गप्पा रंगल्या. दोघींचेही गुडघे दुखत होते. "तुमचा घर तुमच्यासारखा ठेवलाय, वयनी," मावशी म्हणाल्या. "सौपाकघरात तर जेवान वाढून घ्यावा असा वाटतंय." काकू लाजल्या.

आकडा त्यांनी घरात काढला नाही. जिना उतरताना, दुसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे वळून सांगितला. आमच्यापेक्षा सात लाखांनी कमी.

"लोन नाय, काय नाय. पितर लागायच्या आधी इसार देते. बोला."

मला त्या आकड्यात घर दिसलंच नाही. मला काकांची केबिन दिसली, तो बाक दिसला. हे कुणी सात लाखांनी कमी करावं? मी म्हणालो, "मावशी, हे घर आहे. बाजारातला मासळीचा वाटा नाही."

त्या रागावल्या नाहीत. हसल्या. "बाजार नाय तर मंग इकाय कशाला काढलाव, दादा? बरा, तुमी दोन पावलं उतरा, मी एक चढते."

"नाही. आकडा ठरलेला आहे."

"त्या वयनींना तरी इचारा."

"ते मी बघतो," मी म्हणालो.

आणि वर येऊन मी काका-काकूंना सांगितलं की त्यांना घर पसंत नाही पडलं.

आकडा सांगितला असता तर काकांनी 'दे' म्हटलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी सांगितला नाही. दसऱ्याला गिऱ्हाईक येतात, तेव्हा पूर्ण भाव मिळवून काकांच्या हातात ठेवू, असं मी ठरवलं होतं. काका फक्त "बरं" म्हणाले. काकू मात्र काकांकडे वळल्या.

"अहो, मला तर म्हणाल्या, जेवण वाढून घ्यावं असं वाटतंय."

"तोंडावर म्हणतात लोक, काकू."

"पण इतकं गोड? मग काय नडलं असेल? त्या गॅसमागच्या फरशा तेलकट दिसतात का रे?"

मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो.

दसऱ्याला दोन कुटुंबं आली. एकाने रिडेव्हलपमेंट कधी होणार ते विचारलं आणि दुसरं पाणी पिऊन गेलं. दिवाळीपर्यंत कुणी आलं नाही. प्रत्येक वेळी गेलो की काकूंनी घरात काहीतरी बदललेलं असायचं. पडदे नवे. मोरीला रंग. गॅसमागच्या फरशा त्या सोडा घालून रोज घासत होत्या, आणि त्यासाठी ओट्याशी एका स्टुलावर गुडघा टेकवत होत्या. काका सांगायचे, "ऐकत नाही. म्हणते, त्या बाईंना जे दिसलं ते पुढच्याला दिसायला नको." तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं की सगळं मिटेल, असं वाटत होतं.

दिवाळीनंतर गावच्या मालकाने पंधरा दिवस जास्त वाट पाहिली आणि घर दुसऱ्याला दिलं. बहिणीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकूंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. अंगण झाडायलाही गुडघे लागतातच."

मग पुढचा पावसाळा येईपर्यंत मी भाव उतरवत गेलो. पाच लाख, मग आठ, मग दहा. मावशींच्या आकड्याच्या खाली गेलो तरी फोन येत नव्हता. एजंट म्हणाला, "सर, आता सगळ्यांना म्हाईत झाला, हा घर वरस झाला पडलाय. म्हंजे काहीतरी खोट असल, असा इचार करतात." खाली कुठे भाड्याने राहावं का, असंही विचारून पाहिलं. काका म्हणाले, दोन घरांचा खर्च पेन्शनीत बसत नाही. हे घर भाड्याने द्यावं तर एजंट म्हणे, भाडेकरू बसला की विकणं विसरा. मी मदत करू म्हटलं, तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य पुरं करता आलं नाही.

एकदा एजंटकडून निघताना मी त्याला सहज विचारलं, त्या मोऱ्याच्या मावशींनी कुठे घेतलं का?

"कवाच! शिरवण्याला घेतला. परवा भेटली होती. इचारीत होती, त्या वयनींचे गुडघे कसे हायेत."

इकडे संक्रांतीपासूनच काकू खाली उतरल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यात गुडघा इतका सुजला की एक्स-रे काढायलाच हवा होता. सोसायटीतल्या तिघांनी आणि मी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. मागून काका एकेक पायरी सांगत होते, "आता वळण. आता सहा पायऱ्या." त्या पुकाऱ्याचा आवाज मी ओळखला. दुसऱ्या मजल्यावर, जिथे मी मावशींना नाही म्हटलं होतं, तिथे हात बदलायला आम्ही खुर्ची टेकवली. पदराआडून काकू म्हणाल्या, "पोरा, तुला किती त्रास रे माझ्या पायी."

मला तोंडाने सांगता आलं नाही. स्टँडवर कुणी तक्रार घेऊन आलं की काका वही पुढे करायचे. "लिहून द्या. बोललेलं वाऱ्यावर जातं." मी दहा मिनिटांच्या अंतरावर राहतो, तरी लिहून पोस्टाने पाठवलं. ते पत्र असं :

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

गणपतीनंतर ज्या मावशी घर बघायला आल्या होत्या, त्यांना घर पसंत पडलं होतं. त्यांनी जिन्यात मला आकडा सांगितला होता, आपल्यापेक्षा सात लाखांनी कमी. आणखी थोडं वर यायलाही तयार होत्या. पितृपक्षाच्या आधी विसार देणार होत्या. मी तुम्हाला न विचारता नाही म्हटलं आणि वर येऊन खोटं सांगितलं. त्यांना हो म्हटलं असतं तर गावचं घर हातचं गेलं नसतं.

तो आकडा मला तुमचा अपमान वाटला. पण घर तुमचं होतं, जिना काकूंचा होता, आणि मान मात्र मी माझा सांभाळत होतो. आलेल्या गाडीत बसा, हे तुमच्या केबिनमध्ये मी दोन वर्षं ऐकलं होतं. तुमच्या रजिस्टरमध्ये लिहायचं तर असं लिहा : 'घर एक वर्ष उशिरा. कारण : बोलणी करणारा जबाबदार.'

आता काय करायचं ते मला खरंच कळत नाही. एजंट म्हणतो, आणखी उतरा. मी म्हणतो, या वेळी आकडा तुम्ही सांगा आणि बोलणीही तुम्हीच करा. मी फक्त लोकांना जिना दाखवायला येत जाईन. तेही नको असेल तर तसं कळवा. तुमच्याकडे यायला मला तोंड नाही, पण काकूंना परत खाली न्यायचं असेल तेव्हा खुर्चीला मी हात लावणारच. त्याला नाही म्हणू नका.

त्या मावशी काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या. त्या तोंडावर गोड बोलल्या नव्हत्या. जे बोलल्या ते खरं होतं.

काकूंना हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा, आणि त्यांना एवढं सांगा की गॅसमागच्या फरशा घासू नका. घरात काही नडलेलं नव्हतं.

तुमचा,
मागच्या बाकावरचा