खिरापत ओळखल्याचा गुन्हा

जयवंताबाई आमच्या शेजारीण. तुरुंगात बायकांच्या बराकीवर वॉर्डर आहेत. माहेर बेल्याकडचं, या तेलुगू राज्यातल्या मराठी पट्ट्यातलं. भरतीच्या वेळी साडी खोचून धावल्या आणि पहिल्या आल्या, असं त्या सांगतात. दुसरं कोणी सांगत नाही, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? गल्लीतल्या पोरांचा चेंडू त्यांच्या अंगणात पडला, तर तो आठवडाभर अटकेत राहतो. ज्यानं चूक केली त्यानं भोगावं, हा बाईंचा कायदा.

यंदा तो कायदा त्यांच्याच कपाळावर येऊन आदळला.

बराकीतल्या मराठी बाया कुलूप पडण्याआधी भुलाबाईची गाणी म्हणतात. तुरुंगाचे साहेब तेलुगू माणूस. आपल्या बतुकम्माच्या फुलांच्या सणासारखंच काहीतरी असेल म्हणून त्यांनी परवानगी दिलेली. गाणी संपली की झाकल्या ताटात काय खिरापत आहे ते ओळखायचं. कोणालाच ओळखता आलं नाही, तर जिची खिरापत तिचा तोरा काही विचारू नका. त्या दिवशी पाळी रंजीताची होती. भावकीच्या मारामारीत आत आलेली ही बाई नाकावर माशी बसू देत नाही. सगळ्या हरल्या. पेढे, करंजी, काय काय म्हणून झालं. तेवढ्यात पहाऱ्यावरच्या जयवंताबाई दारातून म्हणाल्या, बिस्किटाचे लाडू. कँटीनच्या खिडकीतून बिस्किटं आणि गूळ रंजीताला त्यांनीच दिला होता ना!

ताट लाडवांसकट आलं. बाईंच्या कपाळाला टाके पडले.

साहेबांनी रंजीताची दोन महिन्यांची मुलाकात, म्हणजे घरच्यांची भेट, बंद करायचं ठरवलं. आज हे सोडलं तर उद्या सगळ्या ताटं फेकतील, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. जयवंताबाईंनाही आधी ते पटलं. पण शनिवारी रंजीताची पोर, आरोही, आजीबरोबर यायची होती. पोरीनं काय केलं होतं? मोडक्या तेलुगूत त्या साहेबांशी भांडल्या. निम्मी चूक माझी आहे, तिला बराक धुवायला लावा, तिचं कँटीन बंद करा, पण लेकराला शिक्षा नको, म्हणाल्या. खाऊ ओळखला म्हणून ताट मारतात, हे काही साहेबांच्या डोक्यात शिरेना. शेवटी ते म्हणाले की ही एक मुलाकात माझ्यासमोर होऊ दे, बाईला पश्चात्ताप दिसला तर पुढचं बघू.

शनिवारी साहेब खुर्ची टाकून बसले. रंजीता आली ती मान ताठ ठेवून. जयवंताबाई मला म्हणाल्या, "तिचं तोंड पाहून मले वाटलं, गेली आता मुलाकात."

जाळीपलीकडे आरोही आजीचा पदर धरून उभी होती. तिची नजर आईआधी जयवंताबाईंच्या कपाळावरच्या पट्टीवर गेली.

"मावशी, तुमच्या कपाळाले काय झालं?"

पाय घसरला म्हणायचं बाईंनी ठरवून ठेवलं होतं. पण रंजीताच बोलली.

"म्या ताट फेकून मारलं."

"काऊन?"

"माह्या खाऊ वयखला त्याईनं."

पोरीनं आईकडे असं पाहिलं, जशी शाळेतली बाई ढ पोराकडे पाहते.

"खाऊ वयखासाठीच रायते न, आई. धर कान."

रंजीताची मान खाली गेली. तिनं दोन्ही हातांनी कान धरले आणि रडू लागली. तिला रडताना बराकीत कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, पोरगी काय म्हणाली? जयवंताबाईंनी समजावून सांगितलं. साहेबांनी मिशीवर हात ठेवून हसू लपवलं आणि आपल्या हिंदीत आरोहीला विचारलं की आता आईला शिक्षा काय द्यायची, तूच सांग.

आरोहीनं नीट विचार केला.

"मी येईन तवा दर खेपेले मावशीपुढं कान धराचे. मी पाहीन."

जयवंताबाईंनी हेही शब्द न् शब्द तेलुगूत सांगितलं. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मग उठता उठता म्हणाले, शिक्षा कडक आहे, पण आता पोरीला दर खेपेला यावंच लागेल.