एकनाथच्या फोनची घंटी

एकनाथ गेला त्या सकाळी आमच्या गल्लीत पाच दिवसांनी टँकर आला होता. मी नळी धरून पिंप भरत होतो आणि खिशातला मोबाइल वाजला. एकनाथच्या घरचा नंबर. दोनच दिवसांपूर्वी मी त्याच्या व्हॉइसमेलवर नको नको ते बोललो होतो. आता साहेबांना जाग आली वाटतं, असं मनात म्हणालो आणि मुद्दाम उचलला नाही. वाजू दे थोडा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला, तर पलीकडे त्याची बायको, सुमनवहिनी. "भाऊजी, लवकर या... हे उठंनात."

आम्ही दोघे देवगाव रंगारीचे. त्याच्या घरी मेंढरं, आमच्या घरी तीही नाहीत. नोकरीच्या निमित्ताने शहरात आलो आणि गारखेड्यात शेजारशेजारच्या गल्ल्यांत घरं बांधली, तेव्हा भोवती मोकळी रानं होती. पुढे रानांच्या इमारती झाल्या, माणसं वाढली, पाणी तेवढंच राहिलं. सलग दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली तसं तेही गेलं. दोन्ही गल्ल्यांच्या टँकरच्या पाळ्या लावायचं काम एकनाथने आपणहून अंगावर घेतलं. मोबाइलला त्याच्या घरात धड रेंज नसे, म्हणून इंटरनेटच्या डब्याबरोबर आलेल्या फोनचा नंबर त्याने सगळ्यांना दिला. दिवसभर घंटी. वहिनींचे गुडघे धरलेले, त्या उठून पोहोचेपर्यंत फोन बंद पडायचा. शेवटी सेटिंग मीच करून दिलं: घंटी जास्त वेळ वाजेल, तरीही कुणी उचलला नाही तर व्हॉइसमेल. "लई बेस केलंस गड्या," तो म्हणाला, "आता लोकांची भांडणंबी जपून राहतील." रोज सकाळी तो वही घेऊन बसे, संध्याकाळी मेंढरं मोजावीत तसे निरोप मोजे आणि प्रत्येकाला उलट फोन करी.

त्या उन्हाळ्यात मात्र त्याचा फोन वाजेनासा झाला. लावला की थेट व्हॉइसमेल. आमच्या गल्लीत टँकर तीन दिवस फिरकला नव्हता. घरात सून बाळंतीण, बाळाची दुपटी धुवायला पाणी नाही. माझं डोकंच फिरलं. चौथ्यांदा व्हॉइसमेल लागला तेव्हा मी ओरडलो, "घंटी बंद करून लपून बसलास व्हय? सोताची टाकी भरली, आता लोकं मरू दे!" लहानपणापासूनच्या दोस्ताला मी हे म्हणालो. त्याच्या घरी चालत जायला दोन मिनिटं लागतात... गेलो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. "भाऊजी, फोन वाजतच नाय. पाव्हणे म्हणत्यात, लावून लावून थकलो. तुम्हालाच कळतं त्यातलं." एकनाथच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये पाहिलं. घंटी बंद केलेली, सगळे फोन थेट व्हॉइसमेलला. कुणी केलं हे, मी विचारलं.

"त्यांनीच. दवाखान्यात छाती दाखवून आले तवापासून. घंटी वाजली की छातीत धडधडायचं. कुणाला सांगू नको म्हणले, लोकं पाणी मागायला लाजतील." वहिनी माझ्याकडे वळल्या. "शेवटचा निरोप तुमचा होता ना? तो ऐकला अन् उठले. चपला घातल्या, तसंच उन्हात टँकरवाल्याकडं पायी गेले. काय होतं ओ त्यात?"

ऐकलेल्या निरोपांत माझा सर्वांत वर होता. पुसायला एक बोट पुरलं असतं. माझं बोट तिथवर गेलंही होतं, हे इथे कबूल करतो. मग मी स्पीकर चालू केला. माझाच आवाज त्या खोलीत शेवटपर्यंत वाजला. वहिनींनी भिंतीकडे बघत तो सगळा ऐकला. "घंटी चालू करून द्या," एवढंच म्हणाल्या.

करून दिली. नीट वाजते का पाहायला माझ्या मोबाइलवरून फोन लावला. वाजला. फोन वहिनींच्या हाताशी होता, त्यावर माझं नाव उमटलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि हात मांडीवरच ठेवला. घंटी पूर्ण वाजून थांबली, आणि माझ्या कानात एकनाथ बोलायला लागला, "मी एकनाथ. गल्ली अन् घर सांगा, पाणी यील..." मग तो थांबला. आता बोलायची पाळी माझी होती. माफी मागायला जगात तेवढीच एक जागा उरली होती, आणि मी फोन बंद केला.