संदर्भ म्हणून आलेले चाचा

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. इंटरनेट नवीनच आलं होतं, आणि दर रविवारी पोरांना ऑनलाइन ज्ञानकोशात मराठी लेख लिहायला शिकवण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. स्वभाव माझा तापट. कोणी लेखाखाली स्वतःचं नाव-गाव टाकायचं, कोणी 'पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात करायचं. मी ओरडायचो, पोरं हसायची आणि काम पुढं सरकायचं.

त्यात हट्टा गावची एक मुलगी होती. एकेक अक्षर शोधत तिनं तीन रविवारांत हळद शिजवण्यावर लेख लिहिला. चुलीवर मोठी कढई, म्हणजे काहील, कशी चढवायची, वरून गोणपाट कसं झाकायचं, वाफेच्या वासावरून हळद शिजल्याचं कसं ओळखायचं, सगळं बैजवार. वडील तिला हिंगोलीला पाठवायला तयार नव्हते. गावाची हळद साऱ्या जगाला दिसेल, असं सांगून तिनं परवानगी काढली होती.

चौथ्या रविवारी पाहतो तर लेखावर पाटी. कुठल्याशा अनुभवी संपादकानं लिहिलं होतं की सात दिवसांत संदर्भ द्या, नाहीतर लेख काढला जाईल. मुलीचा चेहराच उतरला. लेख गेला तर वडील पुन्हा येऊ देणार नाहीत, असं ती म्हणाली. मी म्हटलं, घाबरू नको, ही माहिती तुला जिथून मिळाली ते घेऊन ये.

शनिवारी ती एका म्हाताऱ्याला घेऊन आली. शेजारचे चाचा, उभ्या गावाची हळद शिजवणारे. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, बोटं पिवळीधमक. कॉम्प्युटरसमोर ते ताठ बसले आणि पडद्याला म्हणाले, "इचारा, काय इचारायचं ते."

मला आधी राग आला, मग हसू आवरेना. चूक माझीच होती. माहिती जिथून मिळाली ते आण म्हणालो, तिनं आणलं. छापलेलं काहीतरी लागतं, असं मी चाचांना समजावलं.

"काहून? छापणारा खोटं बोलत न्हाई का?"

मी कपाटं उपसली आणि शेतीची एक वाळवी लागलेली पुस्तिका शोधून काढली. मोठ्यानं वाचत गेलो, चाचा 'बराबर' म्हणत गेले. सगळं जुळलं, फक्त वासाचं तेवढं नव्हतं. पुस्तिकेत काडी टोचून पाहा एवढंच होतं. जे छापलेलं नाही ते लेखात ठेवता येत नाही, हा नियम मी सांगितला. मुलीनं आपल्या हातानं ते वाक्य पुसलं. लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

"पुस्तकवाल्याला सर्दी झाली आसंल," चाचा म्हणाले.

तिनं पुस्तिकेचा संदर्भ टाकला. आम्ही चहा पिऊन येईस्तोवर त्या संपादकानं पाटी काढलीसुद्धा. मी खूश, चाचा खूश. मुलगी मात्र विचारात होती.

"सर, चाचाचं हे सगळं कोणी पुस्तकात छापलं, तर ते वाक्य परत टाकता येतं का?"

"येतं," मी म्हटलं.

एसटीला अजून तासभर होता. तिनं चाचांना परत बाकावर बसवलं, माझ्या टेबलावरची कोरी वही ओढली आणि माझ्याच खिशातला पेन मागून घेतला.

"चाचा, पयल्यापासून सांगा."