कॉम्प्युटरमागचा लाल खटका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं, आणि मी विषय बदलला. जिला सांगायला हवं होतं ती आक्का आता नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. अडखळत सांगेन.

आक्का म्हणजे माझी आत्या. विशीतच नवरा गेला, ती अमळनेरला माहेरी परत आली आणि पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढून बसली. सहा मशिनं, दिवसभर खडखड. कडक बाई. पण खंडेनवमीला त्याच मशिनांची पूजा असली, की ती ताट तयार करून माझ्या आईच्या हातात द्यायची आणि स्वतः दाराशी उभी राहायची. विधवेच्या हातचं हळदकुंकू कसं चालणार? तिच्याच मशिनांना! यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं — मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकात मुली विचारू लागल्या, "आक्का, कॉम्प्युटर कधी?" क्लास ओस पडू लागला. शेवटी आक्काने कॉम्प्युटर घेतला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाचा होता ना — जळगावला मेहरूणमध्ये खोली घेऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणारा! काय मिजास होती माझी त्या दिवशी.

खंडेनवमीचीच दुपार. सगळ्यांना लांब उभं करून जोडणी मी एकट्याने केली. डब्याच्या मागे एक लाल खटका दिसला — एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला ११५. हे काही शिकवलेलं नव्हतं. मी विचार केला, आपल्याकडे लाइट कायम कमी दाबाने येते, बल्ब नुसते मिणमिणतात. मग कमी आकडाच बरा. नखाने सरकवला. कुणाला विचारलं का? विचारणार कुणाला, तज्ज्ञ तर मीच!

तेवढ्यात आक्का ताट घेऊन आली. आईने हात पुढे केला, तर म्हणाली, "हाई मशीन मनी शे. पूजा मीच करसू."

काकूने तोंड वाकडं केलं, नको म्हणाली. नारळ तिने बाहेर पायरीवर फोडला, पाणी वाटीत धरलं, दोन थेंब टेबलाच्या कडेला शिंपडले. कॉम्प्युटरला फक्त कुंकवाचं एक बोट. मग मी बटण दाबलं.

फट्. धूर, जळका वास.

मला लगेच कळलं का? हो. लगेच. ११५ वर ठेवलेल्या मशिनात घरचे २३० व्होल्ट शिरले होते, धूर त्या खटक्याजवळूनच येत होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, "नारळाचं पाणी गेलं असेल आत."

अपशकुन हा शब्द मी उच्चारला नाही. तो काकूने उच्चारला. "मी सांगं व्हतं," म्हणाली. मी तिला बोलू दिलं. आणि — हेच सांगायला जड जातंय — प्लग काढायच्या निमित्ताने मागे वाकून खटका गुपचूप २३० वर सरकवला. ते मी घाबरून नाही, अगदी शांत डोक्याने केलं.

जळगावहून भाग बदलून आणला, कॉम्प्युटर सुरू झाला. या वेळी कुंकू आईने लावलं. आक्काने त्याला पुन्हा कधी बोट लावलं नाही. शिकवायला एक मुलगी ठेवली. मी सुट्टीत जायचो, तिच्या हातची शेवभाजी हाणायचो. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मना भाचा भलता हुशार शे." चूक माझी होती, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण मला ते 'भलता हुशार' ऐकायची चटक लागली होती.

काही वर्षांनी मेहरूणलाच मी घर केलं. आक्का आली होती. नवा फ्रिज आला, बायकोने कुंकवाचं ताट तिच्यापुढे धरलं, "आक्का, तुम्हीच लावा." आक्का झटकन मागे सरली. बाहेर चपलांपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली — आपली नजरही पडायला नको म्हणून. मी बघत होतो. कुंकू बायकोने लावलं, मी बटण दाबलं.

आक्काने मागे वळून न बघताच विचारलं, "चालू व्हयनं का, भाऊ?"

मी म्हणालो, "हो."